तिसऱ्या गावातली म्हातारी

त्या मार्चमध्ये माझ्याकडचे ताजे लोक संपले.

आमच्या धंद्यात ताजा माणूस म्हणजे ज्याने आपला गेम अजून एकदाही पाहिलेला नाही असा माणूस. तो एकदाच वापरता येतो. पहिल्यांदा खेळताना तो कुठे अडखळतो, कुठे कंटाळतो, कुठे नको तिथे हसतो, ते मागे बसून पाहायचं. दुसऱ्या वेळी तो शहाणा झालेला असतो आणि आपल्या कामाचा राहत नाही. तीन वर्षांत मी कर्वेनगरातले सगळे ओळखीचे वापरून टाकले होते. सोसायटीतली मुलं झाली, जुन्या ऑफिसातले सहकारी झाले, कात्रजची मावसबहीण आणि तिचा नवरा झाला. एकदा तर गॅसची शेगडी दुरुस्त करायला आलेल्या माणसालाही मी खुर्चीत बसवलं होतं. तो थोडा वेळ खेळला आणि उठताना म्हणाला, "मॅडम, घरात मोठं कोणी नाही का?" गेमविषयीचा त्याचा अभिप्राय तो होता, आणि खरं सांगायचं तर इतरांपेक्षा प्रामाणिक होता.

गेम असा होता. धरण बांधून होत आलंय. पाणी चढायच्या आत बुडीत क्षेत्रातल्या गावांत जाऊन एकेक घर मोजायचं. खेळणारा म्हणजे तो मोजणी करणारा सरकारी माणूस. खांद्याला पिशवी, हातात टेप, पायात धुळीने भरलेल्या चपला. तलवार नाही, राक्षस नाही, जादूही नाही. पण रोल-प्लेइंग गेममध्ये जे लागतं ते बाकी सगळं होतं. लोकांशी काय बोलायचं ते तुम्ही निवडायचं, तुमच्या वागण्यावरून गावाचा तुमच्यावरचा भरवसा वाढायचा किंवा घटायचा, आणि कोणाच्या घरी चहा प्यायलात की दमलेल्या गड्याला पुन्हा चार घरं मोजायची ताकद यायची. लिखाण आणि प्रोग्रॅमिंग माझं. चित्रं माझ्या कॉलेजच्या मित्राची.

मित्र पेठेत वाढलेला. पण त्याच्या मामाचं घर मावळातल्या एका खेड्यात होतं आणि शाळेच्या सगळ्या सुट्ट्या त्याने तिथे काढल्या होत्या. ते एक घर त्याने आमच्या पाचही गावांत वाटून टाकलं. माजघरातली उतरंड, भिंतीतलं फडताळ, कोनाड्यात काजळी धरलेली चिमणी, वर टांगलेलं शिंकाळं. घराच्या आतली चित्रं त्याने इतकी जीव लावून काढली होती की आम्ही पहिल्यांदा कोणालाही गेम दाखवला की लोक आतल्या खोल्या पाहूनच 'वा' म्हणायचे. बाहेरून घरं साधीच होती. बाहेर कोण बघतंय, असं आमचं दोघांचं मत होतं.

कल्पना माझी असं मी सगळ्यांना सांगत असे. ती खरं म्हणजे पप्पांच्या नोकरीतून उचललेली होती. नोकरीच्या सुरुवातीची काही वर्षं पप्पा एका धरणाच्या कामावर होते, गावोगाव जाऊन बुडणारी घरं मोजायला. नंतर पुण्यात ऑफिसात बदली झाली, आईशी लग्न झालं, मी झाले, आणि त्या गावांचं नाव आमच्या घरात कधी निघालं नाही. गेम सुरू केला तेव्हा मी त्यांना विचारलं होतं, की सांगा ना कसं असायचं ते काम. ते वर्तमानपत्र खाली न घेता म्हणाले, "मोजायचं आणि लिहायचं. त्यात काय असायचंय?" मग मी माझ्या मनाने रचलं. मला वाटलं, रचता येतं तेवढं पुरे.

तीन वर्षं रचलं आणि ते तिसऱ्या गावात मेलं.

पहिलं गाव लोक आवडीने खेळायचे. दुसरंही. तिसऱ्या गावाच्या टोकाला एका म्हातारीचं घर होतं. ती उंबऱ्यावर बसलेली असायची. तिच्याशी बोलायचं, आत जायचं, पाच खोल्या मोजायच्या, एवढंच. गेममधलं माझं सगळ्यात चांगलं लिखाण त्या म्हातारीच्या तोंडी होतं, आणि सगळ्यात जास्त जांभया तिथेच यायच्या. माणूस आला की बोलण्याची बटणं पटापट दाबायचा, आत घुसायचा, दोन खोल्या मोजायचा आणि मोबाइलकडे बघायला लागायचा. कोणी म्हणायचं 'छान आहे', कोणी म्हणायचं 'नंतर खेळतो'. पुण्यात 'नंतर' म्हणजे काय ते मला कोणी समजावून सांगायला नको होतं.

मी काय नाही केलं? तिची वाक्यं कमी केली. पुन्हा वाढवली. संगीत बदललं. खोल्या पाचाच्या तीन केल्या, पुन्हा पाच केल्या. तिला एक शेळी दिली. शेळी सगळ्यांना आवडली, म्हातारीपाशी मात्र कोणी थांबेना. लोणी काळभोरच्या एका कॉलेजात गेम डिझाइन शिकणारी एक मुलगी खास खेळायला आली, तिने प्रामाणिकपणे सांगायचा प्रयत्न केला. म्हणाली, "ताई, आर्ट सॉलिड आहे, रायटिंगपण भारी आहे. पण कसं सांगू, इथे आपल्याला कशालाच कोणी 'नाही' म्हणत नाहीये ना. मग मी कशाला केअर करू?" मी मान हलवली, तिला बसस्टॉपपर्यंत सोडलं, आणि घरी येऊन शेळीचा रंग बदलला. इतकी मी त्या दिवसांत वेडी झाले होते.

आणि शुक्रवार येत होता. बाहेरच्या देशातली एक छोटी कंपनी आमच्यासारख्यांचे गेम बाजारात आणायची. महिनोन्‌महिने मेल लिहिल्यावर ते आमचा डेमो पाहायला तयार झाले होते, एकदाच, आणि शुक्रवारपर्यंत. त्याच आठवड्यात मित्राला बेंगळुरूच्या एका स्टुडिओची नोकरी चालून आली. तो माझ्या डायनिंग टेबलाशी बसला, चहा गार होऊ दिला आणि म्हणाला, "पुढच्या शुक्रवारी डेमो गेला तर मी त्यांना नाही सांगतो. नाही गेला तर हो सांगतो. मला आता खरंच झेपत नाही गं. मुलगी शाळेत सांगते, माझे बाबा घरी बसून चित्रं काढतात."

"मग खरंच सांगते की," मी म्हटलं.

"हो. बाई तिला म्हणाल्या, आणि काम काय करतात?"

आम्ही हसलो. तो गेल्यावर मी बाथरूममध्ये जाऊन नळ सोडला आणि मनसोक्त रडले. गुरुवार होता, पाणीबंदीचा दिवस, नळाला पाणी नव्हतं, त्यामुळे आवाज झाकला गेला नसणार. बाहेर पप्पांनी टीव्हीचा आवाज मोठा केला. आमच्या घरात एकमेकांचं सांत्वन करायची हीच रीत आहे.

मला भीती कशाची वाटत होती ते मला नीट माहीत होतं. नोकरी सोडली, लग्न टाळलं, आई गेली तेव्हाही मी लॅपटॉप घेऊन हॉस्पिटलात बसले होते. हे सगळं ज्या गेमसाठी केलं तो जर मधोमधच मेलेला असेल, तर मग मी इतकी वर्षं केलं काय? मित्र गेला तर चित्रं थांबली, चित्रं थांबली की गेम संपला. पुढच्या शुक्रवारच्या आत म्हातारी जिवंत करायची होती. त्यासाठी एक ताजा माणूस हवा होता. आणि अख्ख्या पुण्यात माझ्या ओळखीचा एकच उरला होता.

पप्पांनी गेम कधी पाहिला नव्हता. माझ्या मागून जाताना ते स्क्रीनकडे न बघता विचारायचे, "झाला का तुझा व्हिडिओ?" मी त्यांना खेळायला बसा म्हटलं तेव्हा ते म्हणाले, "मला काय कळतंय त्यातलं?"

"म्हणूनच."

"म्हणजे जगात आता माझ्याइतका अडाणी उरला नाही म्हणायचं."

"कर्वेनगरात तरी नाही."

रविवारी दुपारी जेवणं झाल्यावर ते इस्त्रीचा शर्ट घालून आले. मी विचारलं, हे काय, तर म्हणाले, टेस्ट आहे ना? मी त्यांच्या हातात कंट्रोलर दिला, त्याला ते रिमोट म्हणाले, आणि नियम सांगितले. नियम दोनच असतात. खेळणाऱ्याने मनात येईल ते मोठ्याने बोलायचं, कितीही फालतू असलं तरी. आणि बनवणाऱ्याने मागे बसायचं आणि तोंड उघडायचं नाही. मदत करायची नाही, समजावायचं नाही, 'अहो, ते बटण' असंसुद्धा म्हणायचं नाही, कारण गेम विकला गेल्यावर प्रत्येकाच्या घरी आपण मागे बसायला जाणार नसतो. पप्पांनी सगळं ऐकून घेतलं. उभी हयात सरकारी नोकरीत गेलेला माणूस, नियम म्हटल्यावर त्यांचा चेहरा खुलला.

पहिला बराच वेळ करमणुकीत गेला. "विहीर आली. विहिरीवर आपटलो. मागे फिरतो. पुन्हा विहीर. हा रिमोट डावीकडे ओढतोय." मी मागे बसून पदरासारखी ओढणी तोंडात कोंबली होती. हळूहळू त्यांना चालता यायला लागलं. सांगितल्याप्रमाणे ते सगळं मोठ्याने बोलत होते, एखाद्या फायलीवर शेरे मारावेत तसे. "रस्ता. दोन्ही बाजूला घरं. कुत्रं आहे. पहिल्या घरापाशी आलो."

आणि तिथे ते थांबले.

दार उघडं होतं. दारापाशी आलं की स्क्रीनवर 'आत जा' अशी अक्षरं यायची आणि खाली बटणाचं चित्र. आजवरचा प्रत्येक माणूस ते बटण दाबून धावत आत गेला होता, कित्येकांनी तर अक्षरं यायच्या आधीच दाबलं होतं. पप्पा थांबून राहिले. "दार उघडं आहे," ते म्हणाले. "आत माणसं दिसतायत. कोणी काही बोलत नाहीये." मला वाटलं, बटणाचं चित्र त्यांना कळलं नाही. मी वहीत तसं लिहिलं. बराच वेळ गेला. मग त्यांनी गडी वळवला आणि घराला बाहेरून एक फेरी मारली. "मागे गोठा आहे. भिंत मातीची," असं काहीतरी पुटपुटत पुन्हा दारापाशी येऊन उभे राहिले. "नाही बोलावत," ते म्हणाले आणि पुढे गेले.

दुसऱ्या घरी तेच. तिसऱ्या घरी तेच. एकही घर न मोजता ते पहिल्या गावातून बाहेर पडले. रस्ते मी अडवलेले नव्हते, कारण घर न मोजता कोणी पुढे जाईल हे माझ्या डोक्यातच आलं नव्हतं. दुसरं गावही त्यांनी तसंच ओलांडलं. माझा शेवटचा ताजा माणूस गेम खेळतच नव्हता, नुसता दारोदार उभा राहत होता, आणि मला एक अक्षर बोलायची सोय नव्हती. मनातल्या मनात मी ओरडत होते, पप्पा, ते बटण दाबा हो. एकदा दाबा. शुक्रवार आलाय.

तिसऱ्या गावाच्या टोकाशी ते पोचले. म्हातारी उंबऱ्यावर बसलेली होती. जवळ गेल्यावर ती आपोआप बोलायला लागते. "घर माझ्या सासऱ्यानं बांधलं. पायाचा दगड वढ्यातनं आणला, बैल एक गेला त्यात." पप्पा खुर्चीत पुढे सरकले.

"ही बोलतीये," ते म्हणाले. "बाकीचे बोलत नव्हते. ही चांगली आहे."

म्हातारी बोलत राहिली. बोलून झालं की पुन्हा पहिल्यापासून बोलायची, कारण मी तिच्यासाठी तेवढंच लिहिलं होतं, त्यानंतर लोक आत जात असत. पप्पांनी तिचं सगळं तीनदा ऐकलं. शेळीकडे ढुंकून पाहिलं नाही. 'आत जा' ही अक्षरं सगळा वेळ तिच्या डोक्यावर लुकलुकत होती.

"अशी एक होती," पप्पा म्हणाले.

मला आधी कळलं नाही की ते गेमविषयी बोलत नाहीयेत. आवाज तोच होता, शेरे मारल्यासारखा. "साहेब म्हणायची मला. झाडाखाली बसा म्हणायची. पाणी द्यायची, ओंजळीत, वरून. माझ्या हाताखालचा मोजणीचा गडी, चेनमन, टेप घेऊन आत जायचा. तो त्यांच्यातला. आतून आकडा ओरडायचा, मी बाहेर झाडाखाली बसून लिहायचो. सगळ्याच घरी नाही, पण पुष्कळ घरी असंच. ही बाई तोवर माझ्यापाशी बसून सगळं सांगायची. कुठल्या खोलीत कोण जन्मलं, कोण गेलं. रडायची पण माझ्यासमोर. मी पण एकदा..." ते थांबले. नियम आठवला असावा, कारण पुढचंही बोलले. "मी पण एकदा रडलो. आत ये म्हणाली नाही कधी. मी पण गेलो नाही."

माझ्या हातातलं पेन तसंच राहिलं.

मी हे सगळे गेम लहानपणापासून खेळत आले. जगातल्या झाडून सगळ्या रोल-प्लेइंग गेममध्ये नायक कोणाच्याही घरात बिनदिक्कत घुसतो, पेट्या उघडतो, मडकी फोडतो, हाताला लागेल ते घेऊन बाहेर पडतो, आणि घरातली माणसं त्याला हवापाण्याच्या गप्पा सांगतात. माझ्या बोटांना तेच वळण लागलेलं. शिवाय मी कर्वेनगरात वाढले. शेजारच्यांच्या स्वयंपाकघरात जाऊन मी लोणच्याच्या बरणीत बोटं घातलेली आहेत. आजोबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली, पप्पा शिकले, साहेब झाले, एवढं मला ठाऊक होतं. साहेब झाल्यावर दारं उघडली असणार, असं मी धरून चालले होते. विचारलंही नव्हतं. माझ्याच बापाच्या कामावर मी तीन वर्षं गेम रचला, त्यातलं प्रत्येक दार सताड उघडं ठेवलं, आणि वर प्रत्येक घरी चहा दिला. मला स्वतःची इतकी लाज कधी वाटली नव्हती.

पप्पा अजून उंबऱ्यापाशी उभेच होते. म्हातारी चौथ्यांदा वढ्यातल्या दगडाचं सांगत होती.

"हे सगळं तूच केलंयस ना?" त्यांनी मागे न बघता विचारलं. "ही जे बोलते ते तूच लिहितेस ना?"

मी वहीत 'हो' लिहिलं.

"मग सांग ना तिला. एकदा ये म्हणावं."

मी नियम मोडला. तीन वर्षांत पहिल्यांदाच. "या, पप्पा. आत या."

त्यांनी रिमोट टेबलावर ठेवला, अगदी जपून, दुसऱ्याची वस्तू ठेवतात तसा.

"तू म्हणून काय उपयोग," ते म्हणाले. "तिने म्हणायला पाहिजे." आणि चहा टाकायला उठले. चार वाजले की त्यांना चहा लागतो.

मित्राला मी संध्याकाळी बोलावून घेतलं आणि सगळं सांगितलं. तो हुशार आहे, अर्ध्यातच त्याला कळलं. त्याने लॅपटॉप स्वतःकडे ओढला, म्हातारीच्या घरात शिरला आणि माजघराच्या मधोमध उभा राहिला. "मी ही घरं आतूनच काढली," तो म्हणाला. "बाहेरून मला एकही आठवत नव्हतं." मग लॅपटॉप माझ्याकडे वळवत, "शुक्रवारपर्यंत बदलता येईल?"

"नाही. सगळी दारं बदलायला लागतील. चहा काढायला लागेल. चेनमन घालायचा. भरवसा कसा वाढतो तेच बदलायचं. वर्ष तरी जाईल."

"मग आत्ता असाच पाठवू. त्यांना आवडला तर मागाहून बदलू. कोणाला कळणारे तिकडे?"

बरोबरच बोलत होता. तिकडे कोणालाही कळलं नसतं. इकडेही पुष्कळांना कळलं नसतं, तीन वर्षं मलाच कळलं नव्हतं. आतून पप्पांच्या खोकल्याचा आवाज येत होता. मी विचार केला, आज दुपारी तो माणूस तिसऱ्या गावापर्यंत चालत गेला आणि एकाही दारातून आत गेला नाही. मी हो म्हटलं तर शुक्रवारी त्याला मी धक्के मारून आत ढकलणार.

"नाही पाठवायचा," मी म्हटलं.

"अगं, मी जाईन मग."

"माहीत आहे."

"तू जरा तरी थांबवशील असं वाटलं होतं," तो म्हणाला. थांब म्हणायला माझ्याकडे काही नव्हतं. शुक्रवार आला आणि गेला. मी दिवसभर मेल उघडून बसले होते, हात कीबोर्डवर, आणि रात्रीपर्यंत पाठवायचा मोह होत राहिला. महिनाअखेरीला मित्र बेंगळुरूला गेला. जायच्या आदल्या दिवसापर्यंत तो माझ्यासाठी घरांच्या बाहेरच्या बाजू काढत होता. अंगणं, कुडाची कुंपणं, सारवलेले ओटे, झाडं. शेवटचं चित्र म्हातारीच्या दारासमोरच्या झाडाचं होतं. ते त्याने नुसतं पाठवलं, खाली काही लिहिलं नाही.

त्यानंतरचे महिने मला नीट आठवत नाहीत. सकाळी शिकवण्या घ्यायच्या, दुपारी दारं लावायची. कुठल्या घरी बोलावतात, कुठल्या घरी चेनमन एकटा आत जातो, कुठे आतून फक्त आकडा ऐकू येतो. पप्पांना विचारून विचारून लिहिलं. आता ते सांगायचे, वर्तमानपत्र खाली घेऊन सांगायचे. पण या गेमचं पुढे काय होणार, कोण घेणार, एकटीने कधी पुरा होणार, हा विचार आला की मी आणखी एक दार लिहायला घ्यायचे. मित्राचे फोन आधी रोज यायचे, मग रविवारी, मग सणाला.

शेवटी म्हातारी उरली. तिच्याबाबत मी एक गोष्ट कोणाला न विचारता केली. खेळणारा तिच्या दारात पुरेसा वेळ थांबला, तिचं सगळं ऐकून घेतलं आणि बटण दाबायची घाई केली नाही, तर ती गुडघ्यांवर हात टेकून उठते, बाजूला सरकते आणि म्हणते, "या सायेब, आत या." दहा शब्दांचंसुद्धा काम नव्हतं ते. आजवर लिहिलेल्या सगळ्या कोडमध्ये इतक्या सहज मी काहीच लिहिलं नव्हतं. पप्पांनी मागितलं होतं आणि ते देणं माझ्या हातात होतं.

मी त्यांना पुन्हा बसवलं. शर्ट इस्त्रीचाच होता. ते झाडाखाली थांबले, म्हातारीचं सगळं ऐकलं, चेनमनने आतून आकडे ओरडले ते ऐकले आणि हसले. मग म्हातारी उठली, बाजूला सरकली आणि आत या म्हणाली.

मोठ्याने बोलायचा नियम पप्पांनी तेवढ्यापुरता मोडला. डॉक्टरांनी सांगितल्यापासून ते घरातही स्लीपर घालतात. खुर्चीखाली त्यांनी आधी एक पाय बाहेर काढला, मग दुसरा, आणि दोन्ही स्लीपर पायानेच नीट एका बाजूला सारल्या. मग बटण दाबलं.

आत माजघर होतं. उतरंड, फडताळ, चिमणी, शिंकाळं. ते एकेका भिंतीपाशी जाऊन उभे राहिले. "असं असतं होय आतून," ते म्हणाले. पाचही खोल्या त्यांनी पाहिल्या, मोजली एकही नाही. मग बाहेर आले, रिमोट ठेवला, स्लीपर घातल्या.

"छान केलंयस," ते म्हणाले. माझ्या उभ्या आयुष्यात हा शब्द मी त्यांच्या तोंडून माझ्यासाठी ऐकला नव्हता. मला रडू फुटणार तेवढ्यात ते म्हणाले, "पण काढून टाक ते. असं झालं नव्हतं."

"गेममध्ये होऊ दे की, पप्पा."

"नको. चांगली होती गं ती बाई. रडली माझ्याबरोबर. तरी ये म्हणाली नाही." ते उठले. "ते तसंच राहू दे. नाहीतर कोणाला कळायचं नाही."

त्याच दुपारी मी ते वाक्य काढलं. गेम अजून पुरा झालेला नाही, आणि होईल की नाही ते मला माहीत नाही. तिसऱ्या गावात आता खेळणारा म्हातारीच्या दारात हवा तितका वेळ थांबू शकतो. ती त्याला साहेब म्हणते, झाडाखाली बसा म्हणते, ओंजळीत वरून पाणी ओतते आणि घराविषयी सगळं सांगते.